बांबू गवत आहे हे कळायला नव्वद वर्षे लागली

(राजापेठ, अमरावती येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या कामकाजाच्या कागदावर कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर आहे, पीकविमा आहे आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखा, 'जंगल' असा एक शब्द आहे. सकाळी चहाच्या वेळी अचलपूरकडचे एक काकाजी तो कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जंगलावर काय बोलता भाऊ? जंगल त आता आमच्या वावरातच येऊन बसलं. सांजेले रोही येते, रातच्यानं डुक्कर येते. आता तुमीबी जंगल वाचवा म्हणान, त मी उठून घरी चाललो." मी त्यांना म्हटले, बसा, तुमच्यापासूनच सुरुवात करतो.

काकाजींचे म्हणणे खरे आहे. तूर फुलावर आली, हरभरा घाट्यावर आला की घरातला एक माणूस रात्रीचा वावरात. माळ्यावर बसून डबडे वाजवायचे, फटाके फोडायचे, धुऱ्याने जुन्या साड्या बांधायच्या. कोणी कुंपणात वीज सोडतो. त्यात जनावराबरोबर कधी माणूसही जातो, तोही शेजारचा नाहीतर घरचाच. जागलीची मजुरी कोणत्याच उत्पादन खर्चात धरलेली नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने रोही सरकारच्या संरक्षणात गेली, तिचा चारा मात्र आपल्याकडेच राहिला. नुकसानभरपाईला अर्ज, मग पंचनामा, मग तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक तिघे एका दिवशी एका धुऱ्यावर सापडायची वाट. परवानगी काढून मारायची सोय आहे म्हणतात. परवानगी हातात येईपर्यंत हरभरा संपलेला असतो. आपण धान्यावरच्या लेव्हीविरुद्ध लढलो. ही तीच लेव्ही आहे. फरक एवढाच, की हिचा दर ठरलेला नाही आणि पावती मिळत नाही.

पण काकाजी, ही लेव्ही तुमच्या वावरापर्यंत पोचायच्या शंभर वर्षे आधीपासून ती दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल होत होती. ते लोक तुमच्या गावापासून दोन-तीन तासांवर राहतात. आज मला त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

राजापेठेतून निघालात आणि परतवाड्यावरून घाट चढलात की मेळघाट लागतो. धारणी आणि चिखलदरा हे आपल्या जिल्ह्यातले दोन तालुके. आपण त्यांना 'वरचे' म्हणतो आणि कुपोषणाची बातमी आली की तेवढ्यापुरती आठवण काढतो. घाटापलीकडे सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या तापीला जातात. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. पण घाटाच्या अलीकडच्या उतारावरून सापन, चंद्रभागा, शहानूर उतरतात, अकोला जिल्ह्यात वान उतरते, आणि हे सगळे पाणी आपल्या पूर्णेला मिळते. दर्यापूरकडची मंडळी इथे बसली आहेत. खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तर काय लागते ते मी त्यांना सांगायला नको. त्यांच्या नळाला पाणी येते ते शहानूर धरणाचे. तेल्हाऱ्याकडे वानचे. त्या धरणांच्या वर जंगल आहे म्हणून धरणात गाळ कमी येतो आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरते. तेव्हा हे जंगल 'वरच्या' लोकांचा प्रश्न आहे असे निदान खारपाणपट्ट्यातल्या माणसाने तरी म्हणू नये.

आता कायद्याकडे येतो. कंटाळवाणे आहे, पण आपण कापूसवाले आहोत, आपल्याला कायदे पटकन कळतात.

पांढरे केस झालेल्यांना 1972 आठवत असेल. कापूस एकाधिकार खरेदी आली. कापूस माझा, बी माझे, कर्ज माझे, पण विकायचा तो सरकारलाच आणि सरकार म्हणेल त्या भावाने. पलीकडे मध्य प्रदेशात भाव जास्त. म्हणून रात्री बंड्या निघायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या काढून ठेवलेल्या. नाक्यावर धरला की आपलाच कापूस आपण चोरला असा गुन्हा. 2002 नंतर ती मक्तेदारी मोडली, तोपर्यंत एक अख्खी पिढी कापूस चोरून विकण्यात म्हातारी झाली. हे लक्षात ठेवा आणि आता बांबू बघा.

इंग्रजांनी 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला. 1865 साली पहिला वन कायदा, 1878 साली दुसरा, आणि 1927 साली जो तिसरा आला तो आजही चालू आहे. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात झाड म्हणजे काय ते लिहिले आहे. झाडात ताड धरले, खुंट धरले, झुडपे धरली, वेत धरला आणि बांबूही धरला. बांबू हे गवत आहे. आपल्या गाई-म्हशी खातात त्या गवताच्या कुळातलेच. मानवेल उभा वाढतो, बरीच वर्षे जगतो, एकदाच फुलावर येतो आणि मरतो. गव्हाच्या ओंबीसारखेच त्याचेही आहे. पण कायद्याने त्याला झाड केले. झाड म्हटले की ते लाकूड झाले, लाकूड म्हटले की तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास.

याचा अर्थ काय झाला? बुरुडाने टोपली विणायची तर बांबू सरकारच्या डेपोतून. आदिवासीने घराला कूड करायचा तर नाकेदाराची मर्जी. तोच बांबू कागद गिरण्यांना मात्र वर्षानुवर्षांच्या कराराने कवडीमोल भावात. आणि शेतकऱ्याने स्वतःच्या धुऱ्यावर लावलेले बांबूचे बेट? तेही झाडच. बाजारात न्यायचे तर पास. म्हणून कोणी लावलेच नाही. पडीक जमिनीवर सगळ्यात सोपे येणारे पीक नव्वद वर्षे कायद्याने अडवून ठेवले, आणि मग अगरबत्तीच्या काड्या परदेशातून आणल्या.

2017 च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात संसदेने कायदा दुरुस्त केला. बांबू हा शब्द झाडाच्या व्याख्येतून काढला. हेतू सांगितला तो असा, की वनाबाहेर, म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीवर, बांबू लागावा. 1927 ते 2017, मोजा. सागाचे तर अजून तसेच आहे. 1964 च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याला एक अनुसूची आहे. तिच्यात साग आहे, मोह आहे, चिंच, आंबा, जांभूळ आहे, अगदी कोकणातल्या खाडीची तिवरेही आहेत. माझ्या बापाने धुऱ्यावर साग लावला, माझ्या मुलीच्या लग्नात मी तो विकायला काढला, तर मी आधी अर्जदार होतो. असे असताना आपण भाषणे करतो की शेतकऱ्याने झाडे लावावीत!

वनाबाहेरच्या बांबूची ही गोष्ट. वनातल्या बांबूची गोष्ट वेगळी आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

2006 साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात पहिल्यांदा लिहून दिले, की पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्या गावाचा त्या जंगलातल्या गौण वनउपजावर मालकी हक्क आहे, आणि गौण वनउपज म्हणजे तेंदू, मोह, मध, डिंक, औषधी मुळ्या आणि बांबूसुद्धा. म्हणजे 2006 ते 2017 अशी अकरा वर्षे एकच मानवेल एका कायद्यात झाड होता आणि दुसऱ्या कायद्यात नव्हता. वन खात्याने अर्थातच त्यातला सोयीचा कायदा वाचला.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे लहानसे गोंड गाव आहे, मेंढा-लेखा म्हणून आपण नाव ऐकतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे त्या गावाबरोबर येतात. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,809 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. गावाने बांबू तोडायचा ठरवला. वन खाते म्हणाले, तोडा, पण वाहतूक पास आम्ही देणार नाही. म्हणजे मालक तुम्ही, पण माल गावाबाहेर गेला तर चोरीचा. कापूसवाल्यांनो, ओळखीचे वाटते ना? गाव दोन वर्षे अडून राहिले. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात गेले आणि वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. सरकारने आपले कोरे पुस्तक एका गावाला दिले, ही माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली मोठी घटना आहे. वर्तमानपत्रांनी ती आत कुठेतरी छापली असेल.

त्यानंतर गावाने स्वतः बांबू विकला. आणि सगळा कापून मोकळे झाले का? शहरातल्या विद्वानांना हीच भीती होती. झाले नाही. कोणता कोंब राखायचा, बेटातले किती जुने काढायचे याचे नियम गावाने केले, कारण पुढच्या वर्षीही तेच विकायचे होते.

चंद्रपूर जिल्ह्यातले पाचगाव मला याहून शिकवून गेले. गोंडपिपरी तालुका. 2012 मध्ये 1,006 हेक्टरचा हक्क. बांबू विकून गाव उभे राहिले. मग तेंदूचा प्रश्न आला. तेंदू म्हणजे विदर्भातल्या जंगलातला रोख पैसा. मे महिन्याच्या उन्हात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि शेकड्याने मोजून द्यायचे. पाचगावच्या ग्रामसभेने ठराव केला, की आम्ही तेंदूपान तोडणार नाही. पान तोडताना फांद्या छाटल्या जातात, कोवळे पान यावे म्हणून जंगलाला आग लावली जाते, आणि झाडाला टेंभरे धरत नाहीत. टेंभरे पाखरे खातात आणि आमची पोरेही खातात. आता सांगा, हे कोणत्या पर्यावरणवाद्याने शिकवले? बांबू विकायची मोकळीक होती म्हणून गावाला तेंदूला 'नाही' म्हणता आले. ज्याच्या घरात दुसरा पैसा नाही, त्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही. मेच्या उन्हात तो आग लावील आणि फांदीही छाटील. मी त्याच्या जागी असतो तर मीही छाटली असती.

तुम्ही म्हणाल, गडचिरोली-चंद्रपूरचे जंगल दाट, तिथले सांगून काय उपयोग. मग अचलपूर तालुक्यातले पायविहीर घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव, इथून सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्या अंतरावर. अचलपूर तालुका अनुसूचित क्षेत्रातही नाही. 2012 साली या गावाला 193 हेक्टर जमिनीचा सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल म्हणून मिळाले, प्रत्यक्षात होते बोडके माळरान. परतवाड्याच्या 'खोज' संस्थेने गावाला कायदा वाचून दाखवला, रोजगार हमीत माती अडवायची, पाणी जिरवायची, झाडे लावायची कामे निघाली, गावाने राखण सुरू केली. त्या उतारावर सीताफळ आपोआप येते. पूर्वी व्यापारी यायचा आणि ठोक भावात उचलायचा. गावाने फळ निवडून, प्रत लावून, खोक्यात भरून आपल्या नावाने थेट मुंबईला पाठवले. 2014 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार पायविहिरीला मिळाला. उपातखेडा, खतिजापूर, नयाखेडा ही आजूबाजूची गावेही त्याच वाटेने गेली.

दिवाळीच्या सुमारास राजापेठेच्या रस्त्यावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायांकडून आपण सीताफळ घेतो आणि घासाघीस करतो. करा, बाजार आहे. फक्त ते फळ झाडावरून तुमच्या पिशवीत येईपर्यंत किती हातांना काय मिळाले, एवढे एकदा विचारून बघा.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर मी मते मागायला आलो आहे असे वाटेल. जंगलातला माणूस म्हणजे देव नाही, जसा शेतकरी देव नाही. मेळघाटात सफेद मुसळी होती. तिला भाव आला आणि बिया पडायच्या आत, कंद पोसायच्या आत लोकांनी ती खोदून काढली. मुसळीचे डोके जमिनीत ठेवले तर पुढच्या पावसात पुन्हा फुटते. हे कोरकू म्हातारीला ठाऊक नव्हते असे समजू नका. पण आज मी डोके ठेवले आणि उद्या दुसरा येऊन तेही घेऊन गेला, तर मी मूर्ख. चारोळी कच्ची तोडतात ती याच कारणाने. सालईला, धावड्याला डिंकासाठी नको तेवढे घाव घालतात ते याच कारणाने. जंगल सरकारचे म्हणजे कोणाचेच नाही, आणि जे कोणाचेच नाही ते जो आधी पोचेल त्याचे. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, आग पुढे डोंगरभर जाते. स्वतःचा मोह असता तर खराट्याने झाडले असते. शेतातल्या मोहाखाली झाडतातच.

मुसळीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, हसू नका. 2000 च्या आसपास वऱ्हाडात मुसळीची हवा आली होती. मीही अर्धा एकर लावली. एका कंपनीचे लोक सोन्याच्या भावाने बेणे देऊन गेले आणि काढणीला सगळे विकत घेऊ म्हणाले. काढणीच्या वेळी त्यांचा फोन लागेना. घरी पोते भरून मुसळी पडली होती, पाहुण्यांना चहाबरोबर द्यायची तेवढी बाकी होती. त्या काळात मेळघाटातला आदिवासी जंगलातली मुसळी उपटत होता, मी वावरातली. दोघांनाही भाव सांगणारा माणूस एकाच जातीचा होता.

पुनर्वसनाचेही बोलायला पाहिजे. मेळघाट 1974 साली व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. गाभा आणि बफर मिळून आज सुमारे 2,768 चौरस किलोमीटर. 2001 ते 2003 या काळात बोरी, कोहा, कुंड ही गावे तिथून उठवून अकोट तालुक्यात आणली, त्यानंतर आणखी गावे आली. उठलेल्या गावांच्या जागी गवत वाढले, सांबर-गवे आले, त्यामागे वाघ आला. हे खरे आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. पण खाली आलेल्या माणसाला पैसे मिळाले आणि जंगल गेले. मोह नाही, कटुले नाही, मध नाही, मासे नाहीत. पैसा संपला, की तो आपल्याच वावरात रोजाने येतो. 2019 च्या जानेवारीत केलपाणी, गुल्लरघाटची माणसे चालत आपल्या जुन्या गावांत परत गेली आणि तिथे वन कर्मचाऱ्यांशी मारामारी झाली. कोण चुकले, त्याचा निवाडा मी करत नाही. घर मिळालेला माणूस बायकापोरे घेऊन परत जंगलात का चालत जातो, हे मात्र या सभेत बसलेल्या प्रत्येकाला कळायला हवे. धरणाखाली ज्यांची शेते गेली ते मान हलवताहेत.

आणि रिकामे जंगल म्हणजेच चांगले जंगल, हेही सरसकट खरे नाही. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. 1884 नंतर कोणा शास्त्रज्ञाने ते जिवंत पाहिले नव्हते, जगातून गेले असे धरले होते. 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ दिसले. पुढे मेळघाटातही सापडले, आज ते मेळघाटचे भूषण आहे. ते राहते कुठे? दाट काळोख्या जंगलात नव्हे, तर विरळ सागाच्या रानात, वस्तीच्या आणि शेताच्या कडेलाही. खाते काय? सरडे, उंदीर. एकशे तेरा वर्षे ते तिथेच होते, तिथल्या माणसांसमोर. त्या माणसांना कोणी विचारले नाही एवढेच.

विचारायची सोय म्हणून 2002 साली जैवविविधता कायदा आला. प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती, आणि गावातल्या झाडापाल्याची, पिकांच्या वाणांची, औषधांच्या माहितीची लोकांनी लिहिलेली नोंदवही. कल्पना चांगली. अनेक वर्षे काहीच झाले नाही. मग हरित न्यायाधिकरणाने तंबी दिली, की 31 जानेवारी 2020 पर्यंत नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला 10 लाख रुपये दंड. झाले, धावपळ सुरू. तुमच्या गावची नोंदवही बहुधा तयार आहे. कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, ते ग्रामपंचायतीत जाऊन बघा. काही ठिकाणी शेजारच्या गावची उतरवलेली निघेल, आणि नदी नसलेल्या गावात माशांची यादी सापडली तर आश्चर्य मानू नका.

मग आपण करायचे काय? संघटना झाडे लावायचे कार्यक्रम घेत नाही आणि मी आज तसे सुचवायलाही उभा नाही. पायथ्याच्या गावांनी, तेल्हारा, अकोट, अंजनगाव, अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या पट्ट्यातल्या, आधी हे तपासावे की आपल्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा होतो का. हा कायदा फक्त आदिवासींचा नाही. इतर पारंपरिक वननिवासींनाही त्यात जागा आहे. अट अशी, की 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, त्या जंगलावर अवलंबून राहत आल्याचा पुरावा हवा. जुनी निस्तारपत्रके, वाजिब-उल-अर्ज तहसिलीत धूळ खात पडले आहेत. आपल्या तरुण वकील पोरांनी ते काढावेत. कापसाच्या खटल्यांत आपण एवढे कागद काढले, हेही निघतील.

मेळघाटच्या ग्रामसभा जेव्हा बांबू, तेंदू, मोह विकायला खाली येतील तेव्हा आपल्यातले काहीजण खरेदीदार असणार आहेत. मोहफुलांवरची जुनी बंधने महाराष्ट्राने 2021 मध्ये उठवली, त्यामुळे हा व्यापार आता उघड करता येतो. खरेदी करा, नफा कमवा, त्यात पाप नाही. पण आपण ज्यांना वर्षानुवर्षे शिव्या दिल्या त्या कट्टी-कडत्या लावू नका. तेंदूचे पैसे बुडवून पळालेले ठेकेदार विदर्भाने पाहिले आहेत. त्यांच्यात आपला बिल्ला लावलेला माणूस सापडला तर मी इथे पुन्हा उभा राहणार नाही.

आणि रोहीचे. काकाजी, तुमचे विसरलो नाही. आपली मागणी अशी असावी, की पंचनामा करायचा अधिकार ग्रामसभेला द्या आणि भरपाई बाजारभावाने द्या. वन खात्याचा तिजोरीवर जो काही हक्क आहे तो वाघावर चालतो, त्यातून वाघाच्या शेजाऱ्याचा हप्ता आधी कापा. पण एक प्रश्न आपल्या आपल्यातही आहे. रोही वावरात येते कारण तिची जागा गेली. मैदानातल्या गावांत तिची जागा कुठे होती? ई-क्लासवर. नाल्याच्या काठच्या बाभुळबनात. आपल्या गावचा ई-क्लास आज किती एकर उरला आहे आणि बाकीचा कोणाच्या ताब्यात आहे, ते सांगायला मला लाज वाटते. सरकारने कमी खाल्ला आणि गावातल्या दांडग्यांनी जास्त, आणि त्या दांडग्यांत आपले बिल्लेवाले आहेत. मागच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा तीन जण पाणी प्यायला उठले होते. आज दार बंद ठेवायला सांगितले आहे.

मला वाटते, प्रत्येक तालुका शाखेने पुढच्या बैठकीला आपल्या तालुक्यातल्या निदान पाच गावांच्या ई-क्लासचा जुना आणि आजचा हिशेब आणावा. सात-बारा आणा, नकाशा आणा, नावे नको असतील तर नावे झाका, एकर झाकू नका.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता राजापेठ बसस्थानकासमोरून पायविहिरीला दोन गाड्या जाणार आहेत. ज्यांना यायचे त्यांनी तालुका प्रमुखाकडे नाव द्यावे. भाकरी आपापली आणावी, त्या गावावर जेवणाचा भार टाकायचा नाही. सीताफळाचा हंगाम नाही, तेव्हा पिशव्या आणू नयेत. काकाजींनी मघाशीच नाव दिले आहे. म्हणाले, तिथे रोही येते का, एवढेच मला बघायचे आहे.